निळ्या वाटीतला नट

रविवारी सकाळी साडेआठ वाजता आप्पा घरामागचं वर्कशॉप आवरायला गेले. निळी वाटी पुसून ठेवावी म्हणून त्यांनी उचलली, तर तिच्यात एक नट वाजला. वाटी रिकामी असायला हवी होती. आप्पांनी आत पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. नट होता तिथंच होता.

एका नटाने माणसाच्या तोंडचं पाणी का पळावं, ते आधी सांगायला हवं. आप्पा म्हणजे अडुसष्ट वर्षांचे वेल्डर. चाळीस वर्षं त्यांनी लोखंड जोडलं आणि तेवढीच वर्षं माणसं तोडली, असं त्यांच्या बायकोचं, म्हणजे माईंचं, मत आहे. तरुणपणी एकदा त्यांनी पाण्याच्या टाकीचा स्टँड केला होता. तीन पाय पक्के जोडले, चौथ्याला जागेवर धरण्यापुरता नुसता टाका मारला, तेवढ्यात कोणाशी तरी वाद निघाला. वाद जिंकून परत आले ते त्याच तोऱ्यात सगळ्या स्टँडला झकास रंग देऊन मोकळे झाले. रंगाखाली पक्कं काय आणि कच्चं काय, सगळं सारखंच दिसतं. आठवड्याभरात टाकी शेजाऱ्याच्या भोपळ्यांवर कोसळली. भोपळ्यांवरच निभावलं, पण आप्पांची झोप उडाली, आणि त्यांनी स्वतःला एक शिस्त लावून घेतली. कामात जेवढ्या शिवणी, म्हणजे वेल्डिंगचे पक्के जोड, तेवढे नट मोजून निळ्या वाटीत टाकायचे. एक शिवण पूर्ण झाली की एक नट उचलून पत्र्याच्या रिकाम्या डब्यात. वाटी रिकामी झाल्याशिवाय रंगाचा डबा उघडायचा नाही.

चाळीस वर्षांत ही शिस्त मोडली नव्हती. काल मोडली, कारण काल रंग देणारा हात आप्पांचा नव्हता. तो लेकीचा होता.

लेकीला सगळे चिमटी म्हणतात. जन्मली तेव्हा चिमटीत मावेल एवढी होती, म्हणून चिमटी. आता वर्कशॉपच्या दारातून येताना तिला वाकावं लागतं, तरी चिमटीच. दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये ती काम करते, आणि सुट्टीच्या दिवशी दोन माणसांची एक बुटकी, उघड्या टपाची गाडी घेऊन डोंगराच्या शर्यतीत उतरते. एका वेळी एक गाडी, खालून वर, घड्याळ लावून. आप्पांना हा प्रकार मुळीच पसंत नव्हता, पण गाडी मात्र आवडायची, कारण तिच्यातली प्रत्येक गोष्ट हाताला लागते.

त्या गाडीच्या पोटाखाली डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा एक आडवा दांडा असतो. वळणावर गाडी एका कुशीवर कलंडायला लागली की तो पीळ खाऊन तिला सावरून धरतो. शर्यतवाले त्याला नुसतंच बार म्हणतात. चिमटीने मूळचा बार काढून अंगठ्याएवढा जाड बार आणला होता. पण बार ज्या दोन कानांना धरून असतो ते कान कारखान्यातलेच, पातळ पत्र्याचे. जाड बार पिळला की पातळ कान फाटणार, हे सांगायला ज्योतिषी नको. म्हणून दोन्ही कानांना आतून पोलादी पट्ट्या जोडायच्या होत्या. दोन कान, प्रत्येकाला चार शिवणी, एकूण आठ.

गॅरेजमधल्या पोरांनी चिमटीला सांगून पाहिलं होतं, की म्हाताऱ्याकडून करून घेऊ नकोस, मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन वर्षही झालेलं नाही. त्यावर ती म्हणाली होती, माझ्या गाडीला आग लावायची तर आमच्या आप्पांनीच. हे माईंच्या कानावर आलं, माईंनी आप्पांना सांगितलं, आणि त्या दिवशी आप्पा दोन घास जास्त जेवले. वरून म्हणाले, भाजी आज बरी झालीय.

शनिवारी दुपारी काम काढलं. पत्रा तापून एका अंगाला ओढू नये म्हणून आप्पा एक शिवण डावीकडे, एक उजवीकडे असं आलटून पालटून जात होते. सात शिवणी झाल्या, सात नट डब्यात गेले. आठवी होती डाव्या कानाच्या आत, वरच्या अंगाला. अगदी अडचणीची जागा. उताणं पडून, हात डोक्यामागे नेऊन मारायची. आप्पांनी तिला टाका मारला, आणि खांदा धरून कण्हत बाहेर सरकले. तेवढ्यात फाटकावर मीटरवाला आला.

विजेचा मीटर बिघडलाय, उगाच पळतो, ही आप्पांची जुनी तक्रार. मीटरवाल्याला पाहताच त्यांचा खांदा दुखायचा थांबला. त्यांनी त्याला फाटकाशेजारच्या भिंतीपाशी उभं केलं आणि म्हणाले, हे बघा, मशीन मी चालवतो आणि मी तुमच्यासमोर उभा आहे, घरात काहीएक चालू नाही, तरी हा लाल दिवा बघा कसा लुकलुकतोय. आणि खरंच, दिवा वेड्यासारखा लुकलुकत होता. मग थांबला. मग पुन्हा सुरू. मीटरवाल्याने डोकं खाजवलं. अर्धा तास दोघांची जुंपली. शेवटी त्याने तक्रार लिहून घेतली आणि आप्पा लढाई जिंकून मागे आले, तर चिमटीने दोन्ही कानांना काळा रंग देऊन बार चढवला होता आणि ती बोल्ट आवळत होती. आप्पांनी विचारलं, झालं? ती मान वर न करता म्हणाली, झालं. मग आप्पांनी तिला मीटरची सगळी कथा साग्रसंगीत ऐकवली. तिने ती मुकाट ऐकून घेतली, एकदाही वाद घातला नाही. हे खरं तर त्यांना तेव्हाच खटकायला हवं होतं. संध्याकाळी ती गाडी घेऊन डोंगराकडे गेली.

आणि आता सकाळी हा नट.

आप्पांनी डबा ओतून मोजलं. सात. पुन्हा मोजलं. सातच. ते स्टुलावर बसले आणि आठवी शिवण आठवायला लागले. डोळे मिटले की ती दिसायची. पण ती शिवण दिसत होती की नुसता टाका, हे काही केल्या कळेना. फाटकावरून परत आल्यावर आपण पुन्हा गाडीखाली गेलो होतो का? गेलो असू. नसूही. चाळीस वर्षांत गाडीखाली इतक्या वेळा गेलोय की त्यातली कालची वेळ कोणती, हे कसं ओळखणार?

टाका म्हणजे शिंप्याचा धावदोरा. तसा सदरा अंगावर चढवून बघता येतो, तो घालून झटापट करता येत नाही. पहिल्या वळणाला टाका धरेल, दुसऱ्याला धरेल, आणि ज्या वळणाला खाली दरी असेल नेमक्या त्याच वळणाला कान फाटेल, बार लोंबकळेल, आणि सावरलेली गाडी एकदम कलंडेल. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात ते खोटं नाही. आप्पांनी पाच मिनिटांत आपली लेक पाच वेगवेगळ्या वळणांवरून खाली टाकली.

ते स्वयंपाकघरात गेले आणि माईंना विचारलं, वर्कशॉप झाडायला गेली होतीस का, वाटीत काही टाकलंस का. माई म्हणाल्या, तुमच्या त्या भंगाराला मी वीस वर्षांत हात लावलेला नाही, आणि चेहरा असा का झालाय? आप्पांनी सांगितलं. माई आधी हसल्या, मग हसायच्या थांबल्या.

"फोन करा तिला," त्या म्हणाल्या. "आत्ताच्या आत्ता."

आप्पांनी फोन लावला. पलीकडे इंजिनांचा गोंगाट होता. चिमटी ओरडूनच बोलत होती. आप्पांनी विचारलं, गाडी कशी आहे. ती म्हणाली, मस्त, सकाळी एक सरावाची फेरी झाली, वळणावर हलत नाही. मग जरा थांबून तिने विचारलं, का हो आप्पा, काही म्हणायचं होतं का? तिचा आवाज एकदम खाली आला होता.

म्हणायचं होतं तर. पण म्हणजे काय म्हणायचं होतं? की तू गॅरेजमध्ये ज्यांना गप्प केलंस त्यांचंच बरोबर होतं? की तुझा बाप आता शिवण मारली की नाही हे विसरतो? हे एकदा बोलून टाकलं की ती पुन्हा कधी आपल्याकडे काम आणणार नाही, आणि रागाने नव्हे, मायेने आणणार नाही. ते तर आणखी वाईट.

"नाही, सहज," आप्पा म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

माई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. आप्पांना स्वतःचीच इतकी शरम वाटली की दोन मिनिटांनी त्यांनी पुन्हा फोन लावला. तो वाजत राहिला. तिसऱ्यांदा लावला, तर बंद. शर्यतीच्या वेळी ती फोन पिशवीत टाकून देते, हे दोघांनाही माहीत होतं. तिची मुख्य फेरी साडेबाराला होती.

शेजारचा बेकरीवाला पाव वाटून नुकताच परत आला होता. आप्पांचं आणि त्याचं गेले चार महिने बोलणं नव्हतं, कारण त्याची व्हॅन आप्पांच्या फाटकासमोर उभी राहते. पण अडला हरी, गाढवाचे पाय धरी. आप्पा त्याच्याकडे गेले आणि चार महिन्यांचा अबोला चार शब्दांत मोडला. माणूस मनाने मोठा होता. फक्त म्हणाला, म्हणजे आज व्हॅन फाटकासमोर होती ते बरं झालं म्हणा. आप्पांनी ते मूग गिळून ऐकलं.

व्हॅन चालवायची त्याची एक रीत होती. पावाला धक्का लागू नये म्हणून तो नेहमी सावकाश जायचा, आणि आज पाव नव्हते तरी हात त्याच चालीवर पडले होते. मागे रिकामे ट्रे खडखडत होते. पुढच्या बाकावर तिघे दाटीवाटीने बसलेले. आप्पा मधे. दर पाच मिनिटांनी ते पुढे वाकून घड्याळ बघायचे. घड्याळ त्यांच्या स्वतःच्या मनगटावर होतं, त्यासाठी पुढे वाकायची काही गरज नव्हती. नट खिशात होता. तो त्यांनी बोटांत इतका फिरवला की बोटांना लोखंडाचा वास यायला लागला.

"फोनवर सांगितलं असतंत तर ही धावपळ पडली नसती," माई म्हणाल्या.

आप्पा पुन्हा घड्याळाकडे वाकले.

"तुमच्या वर्कशॉपात तुमच्याशिवाय कोणाला काही येऊच द्यायचं नाही, हे असं अंगावर येतं मग. पोरीला शिकवलं असतंत तर काल दोन डोळे आणखी असते त्या कामावर."

"तिचं ते वय नव्हतं."

"पंधरा वर्षांची होती. सायकलचं कॅरिअर जोडलं होतं तिने, तुम्हाला दाखवायला आणलं. तुम्ही काय केलंत?"

आप्पांना आठवत होतं. कालची शिवण आठवत नव्हती, पण ती सोळा वर्षांपूर्वीची लख्ख आठवत होती. त्यांनी कॅरिअर हातात घेतलं, एक शब्दही न बोलता ग्राइंडर लावून पोरीची शिवण घासून काढली आणि तिथे स्वतःची मारली. चांगली मारली. कॅरिअर अजून आहे. पोरीने मात्र त्या दिवसापासून मशीनला हात लावला नाही.

"शिवण उलटी होती तिची," आप्पा म्हणाले.

"डावखुरी आहे पोर. शिवण उलटी नव्हती, डावरी होती."

बेकरीवाल्याने घसा खाकरला आणि गाडीचा वेग पाच किलोमीटरने वाढवला. एवढं केलं त्याने.

डोंगराच्या पायथ्याशी रस्ता अडवलेला होता. पुढे व्हॅन जाणार नाही, चालत जा, असं दोरीपाशी उभ्या असलेल्या माणसाने सांगितलं. तासभर उरला होता आणि चढाचा एक किलोमीटर. माईंचे गुडघे बघता त्यांनी हळूहळू यावं असं ठरलं, आणि आप्पा एकटेच पुढे सुटले. पायात घरातल्याच चपला होत्या. पुढे चढावर मधूनमधून एखादी गाडी डरकाळी फोडत वर जायची, आवाज लहान होत होत नाहीसा व्हायचा, आणि तो नाहीसा व्हायच्या ऐवजी तुटला तर, या विचाराने आप्पा आणखी भराभर पाय उचलायचे. धाप लागली होती. थांबायचं नाही, एवढंच ते स्वतःला बजावत होते. आणि चढता चढता त्यांनी दुसरंही एक ठरवून टाकलं, की आता गोल गोल बोलायचं नाही. गेली अब्रू तर गेली.

वर, शर्यत जिथून सुटते तिथे, एका मोकळ्या जागेत गाड्या रांगेने लावलेल्या होत्या. चिमटी शर्यतीचा अंगरखा घालून टायरमधली हवा तपासत होती. आप्पांना चपलांत, घामाने निथळत येताना पाहून ती उठून उभी राहिली.

"गाडी काढू नकोस," आप्पा म्हणाले. श्वास पुरत नव्हता, तरी त्यांनी पुरवला. "डाव्या कानाची वरची शिवण मी मारलेली नाही. नुसता टाका आहे. नट वाटीत राहिला. चूक माझी आहे, मी विसरलो. सकाळी फोनवर सांगायला हवं होतं, माझी जीभ रेटली नाही."

आप्पांना वाटलं होतं, तिचा चेहरा पांढरा पडेल. तो लाल झाला, पार कानांच्या पाळ्यांपर्यंत.

"गाडी ठीक आहे आप्पा," ती म्हणाली. "तुम्ही बसा आधी. पाणी घ्या."

"ठीक कशी? तुला वरून काय दिसतंय? रंगाखाली सगळं सारखंच दिसतं."

"मी सांगते ना, ठीक आहे."

"स्टँड लाव," आप्पा म्हणाले.

चिमटीने घड्याळ पाहिलं. पस्तीस मिनिटं होती. ती आणखी काहीतरी बोलणार होती, पण बापाचा चेहरा पाहून तिने ते गिळलं, जॅक आणला, गाडीचं तोंड उचललं आणि खाली स्टँड लावले. आप्पा दगडांवर उताणे पडले, हातात विजेरी घेतली, आणि दुखऱ्या खांद्याने अंग रेटत आत सरकले.

डाव्या कानाच्या आत, वरच्या अंगाला, त्यांनी घराच्या किल्लीने रंग खरवडला. आधी थोडा, मग सगळा. खाली शिवण होती. टाका नव्हे, या टोकापासून त्या टोकापर्यंत भरलेली, पूर्ण शिवण. आप्पांनी डोळे मिटले. विजेरी छातीवर ठेवली. पोर वाचली, एवढंच त्यांच्या मनात आलं, आणि डोळ्यांतून पाणी निघून कानांत गेलं. म्हणजे मारली होती आपण. नटच तेवढा टाकायचा राहिला. डोकं शाबूत आहे. हात शाबूत आहे. त्यांनी विजेरी पुन्हा उचलली, आपल्याच कामावरून एकदा प्रेमाने बोट फिरवावं म्हणून.

आणि बोट अडलं.

वेल्डरची शिवण त्याच्या अक्षरासारखी असते. वितळलेलं लोखंड गोठताना त्यात बारीक बारीक चंद्रकोरी उमटतात, एकीवर एक, आणि त्यांची पाठ ज्या बाजूला, त्या बाजूने हात आलेला असतो. आप्पांचा हात चाळीस वर्षं उजवीकडून डावीकडे जात होता. शेजारच्या तीन शिवणींत चंद्रकोरी तशाच होत्या. या शिवणीत त्या उलट्या तोंडाच्या होत्या. लहान, दाट, एकसारख्या. दातांच्या कवळीवर काम करणाऱ्या हातासारख्या. ही शिवण आप्पांची नव्हती. ही डावरी होती.

आप्पांच्या डोळ्यांपुढे एक लाल दिवा लुकलुकला. थांबला. पुन्हा लुकलुकला. मशीन मी चालवतो आणि मी तुमच्यासमोर उभा आहे, असं आपण त्या मीटरवाल्याला छाती पुढे काढून सांगत होतो, तेव्हा घरामागे आपलं मशीन चालू होतं. आधी भंगाराच्या तुकड्यावर दोन-चार वेळा हात साफ करून घेतला असणार तिने, म्हणून तो दिवा थांबत थांबत लुकलुकत होता.

गाडीखालून त्यांना फक्त चिमटीचे बूट दिसत होते. एक बूट जमिनीवर टेकलेला, दुसऱ्याची टाच सारखी वर-खाली होत होती.

"घासणार असाल," वरून आवाज आला, अगदी साधा, "तर ग्राइंडर मागच्या पेटीत आहे."

सोळा वर्षं पोरीने हे वाक्य जपून ठेवलं होतं. चाळीस वर्षांत आप्पांच्या अंगावर पुष्कळ ठिणग्या उडाल्या होत्या, पण एवढं कशानेच भाजलं नव्हतं.

"कुठे शिकलीस?" त्यांनी खालूनच विचारलं. वर येऊन विचारण्याइतकं धैर्य नव्हतं.

"संध्याकाळच्या वर्गाला. दोन वर्षं झाली. आईला माहीत आहे."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही बघायला आला असतात."

आप्पांनी विजेरी विझवली. ती आपण होऊनच पुढे बोलली. काल तुम्ही खांदा धरून बाहेर आलात, कण्हत होतात. म्हटलं एवढी एक मी मारते, परत आले की सांगते. पण तुम्ही आलात ते मीटरचं सांगत. इतके खुशीत होता की मला बोलवेना. मग लक्षात आलं की तुम्हाला वाटतंय तुम्हीच मारली. म्हटलं, असू दे. सकाळी तुमचा फोन आला तेव्हा वाटलं, तुम्हाला कळलंय.

"आणि नट?"

"नट तुमचे. त्यांना मी कसा हात लावणार?"

आप्पांनी पुन्हा एकदा विजेरी लावून शिवण पाहिली. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, तेव्हा त्यांना दोष दिसलाच. शेवटच्या टोकाला हात किंचित लवकर उचललेला होता, मुगाच्या दाण्याएवढी खळी राहिली होती.

"शेवटाला घाई केलीस," ते म्हणाले.

"माहीत आहे." वर-खाली होणारी टाच थांबली. आणि मग ती बसली, गाडीखाली वाकली, आणि तिचा उलटा चेहरा त्यांना दिसला. एकतीस वर्षांची बाई, पण चेहरा कॅरिअर दाखवायला आणलेल्या मुलीचा. "आप्पा, धरेल का?"

आप्पांनी अंगठ्याने शिवण दाबून पाहिली. ती दाबून काही कळत नसतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांना फक्त वेळ हवा होता. ही आता या शिवणीच्या भरवशावर दरीकडेच्या वळणात गाडी घालणार. हो म्हटलं तर ती घालणार, नाही म्हटलं तरी कदाचित घालणार, पण मग मनात धाकधूक घेऊन. आणि खोटं बोलायचा प्रश्नच नव्हता, कारण लोखंडाबाबत आप्पा आयुष्यात कोणाशी खोटं बोलले नव्हते. त्यांनी खळी पाहिली, मुळाशी उतरलेलं लोखंड पाहिलं, दोन्ही कडांना धरलेला पत्रा पाहिला.

"धरेल," ते म्हणाले.

मग ते बाहेर सरकले, तिने हात दिला तो धरून उठले, आणि खिशातून नट काढून तिच्या तळहातावर ठेवला. त्यांच्या खिशात फिरून फिरून तो गरम झाला होता.

"हा डब्यात पडायचा राहिला होता," ते म्हणाले. "ज्याची शिवण त्याचा नट."

चिमटीने नट अंगरख्याच्या छातीवरच्या खिशात टाकला, चेन ओढली, आणि खरवडलेल्या जागेवर लावायला रंगाचा डबा काढला. आप्पांनी तो तिच्या हातातून काढून घेतला. राहू दे तशीच, म्हणाले, दिसू दे.

साडेबाराला गाडी सुटली तेव्हा माई वर पोचल्या होत्या, बेकरीवाल्याच्या खांद्याचा आधार घेऊन. आप्पांनी त्यांना दोन वाक्यांत सगळं सांगितलं. माई म्हणाल्या, वर्गाचं माहीत होतं, शिवणीचं नव्हतं, आणि दोघं बापलेक एका माळेचे मणी आहात. आप्पा ऐकत नव्हते. ते कुंपणाला धरून उभे होते. बुटकी गाडी पहिल्या वळणात शिरली. आतली चाकं आता उचलतील, आता, असं वाटत असताना ती सपाटच राहिली आणि वळणातून सरळ बाहेर पडली. दुसरं वळण. मग झाडी आली आणि नुसता आवाज उरला. आप्पांनी कुंपण सोडून माईंचं मनगट धरलं. आवाज लहान होत गेला. मधेच एकदा तो बसला, आणि आप्पांची बोटं मनगटात रुतली. मग पुन्हा चढला. लहान होत होत नाहीसा झाला.

थोड्या वेळाने कर्ण्यावरून कोणीतरी सांगितलं, की गाडी वर पोचली, आणि वेळ किती लागला तेही सांगितलं. वेळ आप्पांनी ऐकला नाही. माईंनी आपलं मनगट सोडवून घेतलं आणि चोळत चोळत विचारलं, झालं का आता समाधान?

"तो मीटरवाला पुढच्या महिन्यात पुन्हा येईल ना?" आप्पा म्हणाले.

"येईल. का? आणखी भांडायचंय?"

"नाही," आप्पा म्हणाले. "त्याला आत बोलवून चहा द्यायचा. मीटर बरोबर आहे म्हणून सांगायचं."